पुळणीवरचा खेळ

गोल्फ या खेळाविषयीं मीं लेख लिहावा याचें माझ्या ओळखीच्या मंडळींस हंसूं येईल. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत बसलेल्या आणि पुढें पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत घालविलेल्या मास्तराचा त्या साहेबी खेळाशीं संबंध काय? मीं गोल्फची काठी आजवर हातांत धरलेली नाहीं, आणि या वयांत धरीन असेंही नाहीं. परंतु कांहीं देणीं अशीं असतात कीं, तीं कोणत्या वाटेनें दारांत येऊन उभीं राहतील याचा नेम नसतो.

गोष्ट १९८७ सालची. घाटकोपरास बिऱ्हाड आणि चेंबूरच्या अंगाला शाळा, असा तेव्हां माझा क्रम होता. आठवीचा वर्ग नवा होता. पहिल्या आठवड्यांत मुलांचीं नांवें, पत्ते, वडिलांचा व्यवसाय हें सारें उतरून घेण्याचा प्रघात असे. एका मुलानें उठून सांगितलें, "वडील कॅडी आहेत, सर." हा शब्द मला ठाऊक नव्हता. मीं विचारलें, "म्हणजे काय करतात?" तो म्हणाला, "गोल्फच्या मैदानावर खेळणारांच्या काठ्यांची पिशवी उचलतात. चेंडू कुठं पडला तें बघून सांगतात." माझ्या तोंडून निघून गेलें, "दुसऱ्याचा चेंडू शोधून देणें हा काय धंदा झाला?" वर्ग हंसला. मीही हंसलों.

पुढें पंधरा दिवसांनीं आदिपर्वांतील द्रोणाचार्यांची गोष्ट सांगण्याचा प्रसंग आला. कौरव-पांडवांची विटी कोरड्या विहिरींत पडते, ती कोणालाच काढतां येत नाहीं, आणि एक काळासांवळा, कृश ब्राह्मण गवताच्या काड्या एकींत एक रोंवून ती वर काढून देतो. मूळ ग्रंथांत 'वीटा' असा शब्द आहे. आपली विटी ती बहुधा हीच. या कामाचा मोबदला म्हणून आचार्यांनीं काय मागितलें, तर जेवण. मीं हें रंगवून सांगत होतों, तोंच तो मुलगा उठून म्हणाला, "सर, म्हणजे द्रोणाचार्यसुद्धां राजपुत्रांचा चेंडू काढून देऊनच पोट भरत होते ना?"

प्रश्न सरळ होता. महाभारताच्या एखाद्या जुन्या टीकाकारानें तो विचारला असता तर मीं मान डोलाविली असती. पण वर्ग पुन्हां हंसला आणि या खेपेस तो मला हंसत आहे असें मला वाटलें. मीं त्या मुलाला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभें केलें. त्या तुकडींत शब्दरूपें सर्वांत स्वच्छ म्हणणारा तो मुलगा होता. नववीला त्यानें संस्कृत सोडलें. मीं कारण विचारलें नाहीं. कारण मला माहीत होतें.

यानंतर पस्तीस वर्षें गेलीं. २०२२ च्या जून महिन्यांत एक पोक्त गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारीं आले व वांकून नमस्कार करते झाले. तोच मुलगा. आतां बँकेंत नोकरीस आहे. त्याच्या मुलीला दहावीच्या परीक्षेंत संस्कृतांत शंभरपैकीं शंभर गुण मिळाले होते, ते सांगावयास तो आला होता. चहा झाला. बोलतां बोलतां माझी कन्या स्कॉटलंडांत डंडी येथें असते व पुढील उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तिकडे जाणार आहों, हें निघालें. तो एकदम सांवरून बसला. म्हणाला, "सर, तिथून सेंट अँड्र्यूज जवळ आहे. बाबांनीं चौतीस वर्षें पिशवी वाहिली, पण त्या गांवाचं नांव घेतांना ते अजून कानाला हात लावतात. तिथली चिमूटभर वाळू आणाल का?"

ही माझी गोल्फची दीक्षा. मागणी गंगोदकाची असती तर मला नवल वाटलें नसतें. वाळूची मागणी ऐकून मात्र उत्सुकता लागली, आणि वर्षभर मीं त्या विषयावरचें जें मिळालें तें वाचून काढलें.

प्रथम एक शब्द उलगडला. समुद्रकांठच्या गोल्फच्या मैदानास 'लिंक्स' म्हणतात. त्याचा सांखळीच्या दुव्यांशीं कांहीं संबंध नाहीं; उंचवटा, उतार अशा अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दापासून तो आला. समुद्र आणि नांगराखालची जमीन यांच्यामध्यें वाऱ्यानें वाळू उडवून जे उंचसखल पट्टे झालेले असतात, ते हे लिंक्स. वाळूमुळें तेथें पीक येत नाहीं, झाड वाढत नाहीं. येतें तें बारीक, चिवट गवत. आमचें मूळ गांव दापोलीकडील केळशी. तेथें खाडीच्या मुखापाशीं वाळूची एक मोठी टेकडीच आहे, आणि समुद्राच्या बाजूनें मर्यादवेल पसरलेली असते. अशा वाळूच्या किनाऱ्यास आमच्याकडे पुळण म्हणतात. संस्कृतांतील 'पुलिन' तोच हा शब्द. म्हणजे लिंक्सला आपल्या भाषेंत शब्द आहे, खेळ मात्र नाहीं. पुळणीवर आम्ही लहानपणीं शिंपले वेंचले, आणि ज्यांच्या वांट्याला पुळणवट जमीन आली त्यांची कींव केली.

स्कॉटलंडांत याच निरुपयोगी जमिनीवर मेंढरें चरत. वाऱ्यापासून आसरा म्हणून तीं ज्या खोलगटांत बसत तेथलें गवत झिजून वाळू उघडी पडे. खेळांतील वाळूचे खड्डे, ज्यांना बंकर म्हणतात, त्यांतील पुष्कळांचा जन्म असा सांगतात. ससे गवत कुरतडून आखूड ठेवीत. तात्पर्य, मैदान कोणी आखलें नाहीं; मेंढरें, ससे आणि वारा यांनीं तें घडविलें आणि माणसें त्यावर चेंडू टोलवूं लागलीं. टोलवीत इतकीं कीं, १४५७ सालीं तेथील पार्लमेंटाला गोल्फ व फुटबॉल या दोहोंवर बंदी घालावी लागली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेंच करीत बसत.

२०२३ च्या जूनमधील एका रविवारीं जांवयांबरोबर आम्ही डंडीहून बसनें निघालों. टे नदीच्या विशाल मुखावरील पूल ओलांडला कीं तासाभराच्या आंत गांव येतें. आगगाडी पूर्वीं थेट जात असे, ती १९६९ सालीं बंद झाली. मनांत मीं एक चित्र बांधून गेलों होतों: उंच भिंत, लोखंडी फाटक, पहारेकरी, आणि भिंतीच्या फटींतून पाहून घेण्याइतकें आपलें भाग्य. प्रत्यक्षांत गांवचा रस्ता संपला आणि हिरवळ सुरू झाली. मध्यें कांहीं नाहीं. त्या हिरवळीवर बायका मुलांच्या गाड्या ढकलीत होत्या, कुत्रीं धांवत होतीं, एक वृद्ध जोडपें फरशीच्या एका लहानशा पुलावर बसून पाव खात होतें. मीं जांवयांना विचारलें, "तिकीट कोठें काढावयाचें?" ते म्हणाले, "बाबा, आज रविवार. मोठे सामने नसले तर रविवारीं या मैदानावर खेळ नसतो. आज तें सगळ्या गांवाचं." फरशीचा तो पूल म्हणजे जगप्रसिद्ध स्विल्कन पूल, मेंढपाळांसाठीं कित्येक शतकांपूर्वीं बांधलेला. ज्यावर उभें राहून नामांकित खेळाडू शेवटचा निरोप घेतात, त्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं दशम्यांचा डबा उघडला.

या 'जुन्या मैदाना'ची कीर्ति कशांत आहे, हें पाहणाराला लौकर कळत नाहीं. देखावा म्हणावा तर केळशीचा किनारा याहून शतपटीनें सुंदर. जमीन सपाट दिसते, पण चालूं लागलें कीं पावलागणिक फसविते. मैदान एका पट्टीसारखें समुद्राकडे जातें व तसेंच परत येतें. जातांनाच्या आणि येतांनाच्या खेळणारांसाठीं बऱ्याच ठिकाणीं एकच भली मोठी हिरवळ व तींत दोन खळ्या, दोन निशाणें. वाळूचे खड्डे शंभराहून अधिक, आणि कित्येक असे कीं ते चेंडू आंत गेल्यावरच दिसतात. साऱ्या जगांत गोल्फच्या मैदानाला अठरा खळ्या असतात, याचें मूळही येथलेंच. पूर्वीं येथें जाऊन येऊन बावीस होत. १७६४ सालीं आरंभींच्या चार आंखूड खळ्यांच्या दोन लांब केल्या, आणि त्याच जातां-येतां दोनदां खेळावयाच्या असल्यामुळें बाविसांचे अठरा झाले. एका गांवच्या सोयीचा हिशेब, तो पुढें जगाचा नियम झाला. आपल्याकडील कित्येक शास्त्रार्थांचा उगम शोधूं गेल्यास असाच कांहीं निघेल. पण तो विषय वेगळा.

अमेरिकेचा विख्यात खेळाडू बॉबी जोन्स १९२१ सालीं प्रथम येथें आला, तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. अकराव्या खळीच्या वाळूंत तो असा अडकला कीं संतापून त्यानें सामनाच सोडला. त्याच मैदानावर १९२७ सालीं तो खुल्या सामन्यांत विजयी झाला, आणि १९५८ सालीं आजारानें जर्जर झालेल्या त्याला गांवानें आपलें नागरिकत्व बहाल केलें; बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. रागावून निघून गेलेल्याला परत यावेंसें वाटावें हा त्या भूमीचा गुण. माझ्या वर्गाला तो नव्हता.

पण मला खरें धरून ठेवलें तें त्या मैदानाच्या सातबाराच्या उताऱ्यानें, म्हणजे तिकडे जें कांहीं त्या जागीं असेल त्यानें. १५५२ सालच्या एका सनदेंत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनीं लिहून दिलें आहे कीं, या पुळणीवर ससे पाळण्याचा हक्क आपला, परंतु तेथें गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा हक्क गांवच्या लोकांचा. पुढें १७९७ च्या सुमारास गांवच्या नगरसभेचें दिवाळें वाजलें आणि कर्जापायीं ही जमीन हातची गेली. ती ज्यांच्याकडे आली त्या व्यापाऱ्यांनीं तिच्यावर सशांची पैदास चालविली. सशांनीं बिळें करकरून मैदान पोखरलें, खेळणारे ससे मारूं लागले, कोर्टकचेऱ्या झाल्या. हें भांडण वीसएक वर्षें चाललें. अखेर १८२१ सालीं जवळच्याच स्ट्रॅथटायरमच्या जेम्स चीप या जमीनदारानें ती जागा विकत घेतली आणि ससे हटविले. १८९४ च्या कायद्यानें मैदान पुन्हां गांवाच्या हातीं आलें, आणि १९७४ पासून एक विश्वस्त मंडळ तें पाहतें. कांठावर जी भव्य दगडी इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट या क्लबाची. त्या क्लबाचा दरारा सर्व जगावर, पण मैदान त्याच्या मालकीचें नाहीं. बाहेरच्यांना तेथें खेळावयाचें तर भारी फी भरावी लागते व बहुधा चिठ्ठींत नांव निघावें लागतें. गांवकऱ्यांना वर्षाचा परवाना पुष्कळच स्वस्त. आणि खेळ चालू असतांही पहिल्या व अठराव्या पट्ट्यांना छेदून समुद्राकडे जाणारी गांवची वाट उघडीच असते. आजीबाई फिरावयास निघाल्या तर चेंडूवाल्यानें थांबावयाचें.

अठराव्या खळीला टॉम मॉरिस याचें नांव आहे. हा १८२१ सालीं त्याच गांवांत एका विणकराच्या पोटीं जन्मला. चेंडू करणें, काठ्या वाहणें, मैदान राखणें हीं सगळीं कामें त्यानें केलीं. खुला सामना चार वेळां जिंकला. आणि मैदानाला रविवारची विश्रांति मिळालीच पाहिजे असा त्याचा हट्ट असे. १९०८ सालीं तो वारला. त्या हिरवळीपाशीं उभें असतांना मला १९८७ चा तो वर्ग आठवला, हें सांगावयास नकोच.

आपल्या देशाचे धागेही तेथें सांपडतात. त्या काळीं चेंडू कातड्यांत पिसें ठांसून करीत व तो फार महाग पडे. १८४० नंतर गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचा चेंडू निघाला आणि खेळ गरिबांच्या आटोक्यांत आला. याची आख्यायिका अशी कीं, सेंट अँड्र्यूज येथील पॅटर्सन नांवाच्या एका तरुणाच्या घरीं पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ति आली. तिच्याभोंवतीं बांधणीसाठीं घातलेला चीक तापवून त्यानें पहिला चेंडू वळला. आख्यायिकाच ती, पण मूर्ति पाहणारे जगांत पुष्कळ असतात, तिची बांधणी उचलून पाहणारा एखादाच. मुंबईचा गोल्फ क्लब १८४२ सालीं निघाला, कलकत्त्याच्या १८२९ च्या क्लबाच्या मागोमाग. इंग्लंडांतील बहुतेक क्लब याच्या नंतरचे. मुंबईकरांनीं सेंट अँड्र्यूजला पाठविलेलें एक रौप्यपदक १८४५ पासून तेथील वसंत ऋतूंतील सामन्यांत दिलें जाऊं लागलें. मुंबईचा तो जुना क्लब आतां नाहीं. पदकाला मुंबईचें नांव मात्र आहे.

आतां आमचें चेंबूर. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब तेथें १९२७ सालीं स्थापन झाला, म्हणजे जोन्स सेंट अँड्र्यूजला जिंकला त्याच वर्षीं. आणि मुंबईचा कचरा देवनारला टाकावयास आरंभ झाला तोही १९२७ सालींच धरतात. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग १९०६ सालीं घातला, पण त्यावरून उतारू जाऊं लागले १९२४ पासून. त्याआधीं त्या फांट्यावर शहराच्या कचऱ्याच्या गाड्या धांवत. शहराला नको असलेलें सर्व जिकडे पाठवावयाचें त्या टोंकाला हें मैदान झालें. खाडी जवळ, तरी ही पुळण नव्हे. आपली जमीन चिकण, खाली खाजण, आणि वर्षाला नव्वद इंचांच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. सेंट अँड्र्यूजला पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, तो बारा महिने वांटलेला, आणि वाळूमुळें तासाभरांत मुरणारा. तेथें निसर्गानें दिलेलें येथें माणसांनीं रोज खपून करावें लागतें: चर खणणें, गवत राखणें, उन्हाळ्यांत पाणी घालणें.

मैदानाभोंवतीं कुंपण आहे, आणि आंत सभासदांसच प्रवेश. सेंट अँड्र्यूजहून परत आल्यावर मी या कुंपणाकडे रागानें पाहत असें. पुढें एक विचार येऊन राग थोडा ओसरला. १९५४-५५ सालीं माहुलला तेल शुद्ध करण्याचे कारखाने उभे राहिले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहती चेंबूरला झाल्या. पुढें इमारतींनीं सारा भाग भरून गेला. ज्या मोकळ्या जागेंत माझे विद्यार्थी विटीदांडू खेळत, तेथें आज बावीस मजले आहेत, आणि ती जागा गेली तेव्हां मीही एक अर्ज लिहिण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. कुंपण नसतें तर हें मैदान तरी राहिलें असतें काय? मला खात्री देववत नाहीं. पण आपल्याकडे कुंपणावांचून कांहींच राखतां येत नाहीं, हें मान्य करतांना बरें वाटत नाहीं, एवढें खरें. स्ट्रॅथटायरमच्या जमीनदारासारखा कोणी, आणि मागून कायदा करून घेणारें गांव, या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

वाळू मीं मैदानांतून घेतली नाहीं; त्याला लागूनच समुद्राचा लांबच लांब किनारा आहे, तेथली चिमूटभर कुंकवाच्या रिकाम्या डबींत भरली. परत आल्यावर ती घेऊन माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. त्याचे वडील आतां ऐंशीच्या घरांतले, मूळचे साताऱ्याकडचे. डावा खांदा उजव्याहून बोटभर खाली. मीं डबी त्यांच्या हातांत दिली आणि जें बोलावयास गेलों होतों तें बोललों: तुमच्या मुलाला मीं एकदां भर वर्गांत तुमच्या धंद्यावरून हिणविलें आणि वर शिक्षा केली. ते मुलाकडे पाहूं लागले. म्हणाले, "मला न्हाई कधीं सांगितलं यानं." मुलगा खिडकींतून बाहेर पाहत होता. त्याची मुलगी चहा घेऊन आली, तिनें विचारलें, "आजोबा, कशाची शिक्षा?" कोणीं उत्तर दिलें नाहीं.

म्हाताऱ्यानें वाळू तळहातावर घेतली, अंगठ्यानें चोळली, थोडी उंचावरून सोडून पाहिली. "मास्तर," ते म्हणाले, "ही पाणी धरायची न्हाई. आपल्या हितं पावसाळ्यांत बुटाला शेरभर चिखल यायचा, अन् वर पिशवी." मग मैदान कसें आहे, वारा कोणीकडून येतो, गवत केवढें, हें त्यांनीं असें विचारलें कीं मला निम्म्याचेंच उत्तर देतां आलें. मीं रविवारची हकीकत सांगितली. सगळें गांव कसें आंत फिरत होतें, पुलावर आम्ही दशम्या कशा खाल्ल्या. रविवार म्हणजे त्यांच्या चौतीस वर्षांतला सगळ्यांत गर्दीचा दिवस. त्यांनीं नीट ऐकून घेतलें.

"मग रविवारीं तिथं कॅडींनाही सुट्टी?"

"होय, त्या मैदानावर त्यांनाही," मीं म्हटलें.

"बरं हाय," असें म्हणून त्यांनीं वाळू पुन्हां डबींत भरली, तळहाताला चिकटलेले कण बोटानें गोळा करून तेही आंत टाकले, आणि झांकण लावलें.